त्या दिवशीचं त्या दिवशी

अलिबागच्या समुद्रावर फिरायला आलेली माणसं कुलाबा किल्ल्याकडे बघतात, ओहोटी कधी म्हणून विचारतात, घोडागाडीत बसतात, भुट्टा खातात. तिथून जवळच एक वेधशाळा आहे, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ती तारे बघणारी नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वात क्षणाक्षणाला होणारे बारीकसारीक बदल ती टिपते. १९०४ पासून हे काम अखंड चालू आहे.

त्याआधी साठेक वर्षं ही मापं मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत घेतली जात होती. मग मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकाच्या सुया भरकटणार, हे तिथले संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं आणि समुद्रापलीकडचं शांत अलिबाग निवडलं. चुंबकाशी काही देणंघेणं नसलेला पोरबंदरी दगड आणून इमारत उभी केली. आणि मग, मला सगळ्यात भावते ती गोष्ट त्यांनी केली: सुरुवातीची दोन वर्षं कुलाब्याला आणि अलिबागला, दोन्हीकडे एकाच वेळी मापं घेतली. जुन्या वहीचा आणि नव्या वहीचा सांधा नीट जुळावा म्हणून.

या नोंदींचा उपयोग कुणाला, कधी झाला? १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग बघत असताना त्याला तिथे डोळे दिपवणारा उजेड चमकलेला दिसला. पाठोपाठ पृथ्वीवर एवढं मोठं चुंबकीय वादळ झालं, की युरोप-अमेरिकेतली तारायंत्रं बिघडली. त्या दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत कुणीतरी आपलं रोजचं काम करत बसलं होतं. दर तासाला सुई बघायची, आकडा लिहायचा. सुई बिथरली की जवळजवळच्या अंतराने लिहायचं. आपण काय लिहितोय हे त्याला उमगायचं कारणच नव्हतं. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा जोर नव्याने मोजला, तेव्हा कुलाब्याचे हे आकडे त्यांच्या मोठ्या आधाराचे ठरले. मधे जवळजवळ दीड शतक गेलं होतं.

माझ्या वहीत विज्ञानाच्या उपयोगी पडेल असं काही नाही. पण रोज लिहिणाऱ्या माणसाला लिहितानाच अर्थ कळायला हवा असं नाही, हे मला त्या वेधशाळेमुळे पटलं. त्या दिवशीचं त्या दिवशी लिहून ठेवावं. अर्थ सवडीने येतो.

अलिबागजवळच्या आमच्या चौलच्या घरात ही सवय माझ्या सासऱ्यांची. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. नारळ-पोफळीची वाडी, विहीर, गोठा आणि पाच-पंचवीस आंबे-फणस एवढा त्यांचा पसारा. रात्री जेवणं झाली की ओसरीवर दिव्याखाली बसून ते लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचे. मला वाटायचं, हिशेब लिहीत असतील. हिशेब होताच. पण त्याच्या वर, तिथीखाली, दोन-तीन ओळी असत. वैशाख वद्य नवमी. वारा दक्षिणेचा. वरच्या अंगाला शिपणं झालं. विहिरीच्या कडेची पोफळ सुकतेय. भरती पावणेसातला. इथल्या जुन्या माणसांना भरतीसाठी कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की वेळ निघते. नवमी म्हणजे पावणेसात. वाडीत बसलेल्या माणसाला भरतीशी काय करायचं होतं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "ती येते म्हणून लिहितो."

ते गेल्यावर मी त्या वह्या वाचल्या. पानंच्या पानं वारा, शिपणं, सुपारीचा भाव. मधेच एका पानावर, माझा नवरा नोकरीसाठी पहिल्यांदा मुंबईला गेला त्या तारखेखाली, एवढंच: आज हा मुंबईस गेला. शिपणं केलं नाही. चाळीस वर्षांच्या त्या वह्यांमध्ये, घरात कुणी आजारी नसताना आणि पाऊस नसताना शिपणं चुकल्याची दुसरी नोंद मला सापडलेली नाही. मुलगा गेल्याचं दुःख अण्णांनी कधी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला तर आयुष्यभर वाटत राहिलं, की आपल्या जाण्याने त्यांना काही वाटलं नव्हतं. ते पान मी त्याच्यापुढे ठेवलं तेव्हा तो साठीला आला होता.

तेव्हापासून मीही लिहिते. अण्णांसारखं आटोपशीर मला जमत नाही.

रोजनिशी लिहिल्याने मन हलकं होतं असं सगळेच म्हणतात. ते खरं आहे, पण त्यात एक मेख आहे. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयातल्या मुलांना त्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय दिले, काहींना आयुष्यातल्या सर्वांत जिव्हारी लागलेल्या घटनेविषयी लिहायला सांगितलं. ज्यांनी घटना आणि त्या वेळी मनात काय झालं ते, असं दोन्ही लिहिलं, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मेख अशी, की लिहून उठल्यावर लगेच या मुलांना बरं वाटलं नव्हतं. उलट ती जास्त खिन्न झाली होती. फायदा मागाहून आला. पुढे असे शेकडो प्रयोग झाले आणि सरासरी काढली तर फायदा माफकच दिसतो. मला तो माफकपणा विश्वासार्ह वाटतो. वही औषध नव्हे. पण जखम धुताना आधी चुरचुरतं, हे तिच्याही बाबतीत खरं आहे.

सासूबाई शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं मीच बघायचे. सुरुवातीला वहीत औषधांच्या वेळा, किती खाल्लं, रात्री कितीदा उठल्या, एवढंच होतं. मग त्याच पानांवर मी रागाचं लिहू लागले. त्यांच्यावरचा राग, नवऱ्यावरचा, मुंबईला बसून फोनवर सल्ले देणाऱ्यांवरचा. असलं कुणाला तोंडाने सांगता येत नाही. गावात तर नाहीच. आज शेजारणीला सांगितलं तर उद्या ते रामेश्वराच्या देवळापर्यंत पोचतं. वहीत लिहिलं की मात्र ते माझ्यासमोर अक्षरांत पडायचं, आणि अक्षरांत पडलेल्या रागाला एक कड असते. तो कुठे सुरू होतो, कुठे संपतो, ते दिसतं. "आज दुपारी पेज थुंकल्या तेव्हा हात उगारावासा वाटला" असं लिहिल्यावर कळायचं, की राग त्या पेजेवर होता, त्या म्हातारीवर नव्हता. आणि पेज तर रात्री उरलेल्या भाताची, मलाही गिळली नसती. दुसऱ्या दिवशी मी ताज्या तांदळाची केली. वहीने मला एवढंच दिलं: दुसऱ्या दिवशीची पेज.

पण रोजनिशीचा मला सगळ्यात मोठा वाटतो तो फायदा वेगळाच आहे. माणूस आपल्याच आठवणीच्या तावडीतून सुटतो.

आठवण काही खोटारडी नसते, पण ती सोयीचं ठेवते आणि बाकीचं गाळते. इथून जवळच, पेण तालुक्यातल्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे कर्जाने गांजून १८५७ साली उत्तरेत गेले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल, असा मनसुबा होता. वाटेतच बंड पेटलं. झाशीच्या वेढ्यात ते आत सापडले, अनेकदा लुटले गेले, आणि शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन आईवडिलांना स्नान घालायला वरसईला परत आले. या सगळ्याची हकिकत त्यांनी लिहिली ती सुमारे पाव शतकानंतर, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. वैद्यांनी ती फेरफार करून १९०७ साली 'माझा प्रवास' म्हणून छापली. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती यायला १९६६ साल उजाडलं.

मराठी गद्यातलं इतकं जिवंत पुस्तक दुसरं क्वचितच असेल. पण ते वाचताना मला सारखं वाटतं, की झाशीत गोळे पडत असताना या भिक्षुकाच्या पडशीत एक वही असती तर? सगळं लुटलं गेलं तिथे वहीही गेली असती, हे उघड आहे. तरी वाटतं. पंचवीस वर्षांनी लिहिणाऱ्या माणसाला शेवट ठाऊक असतो. झाशी पडली, राणी गेली, आपण वाचलो, हे सगळं कळलेल्या मनाने तो पहिल्या दिवसाकडे बघतो. त्या दिवशी लिहिणाऱ्याला उद्याचं काही ठाऊक नसतं. त्याची भीती आणि त्याची आशा दोन्ही कच्च्या असतात. विष्णुभटांच्या पुस्तकात एक विलक्षण आयुष्य आहे, पण मला त्या वेढ्यातला एखादा साधा, काहीच न घडलेला दिवसही हवा होता. तो दिवस आठवणीत टिकत नाही. तो फक्त वहीत टिकतो.

असे साधे दिवसच पुढे उपयोगी पडतात. सासूबाई गेल्यावर ते वर्ष आमच्या घरात 'ते वाईट वर्ष' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मीही तसंच म्हणायचे. मग एकदा त्या वर्षाची वही काढून वाचली. जानेवारीतलं एक पान: शेजारच्या पोरांनी शेतात पोपटी लावली होती. मडक्याला भांबुर्ड्याचा पाला लावून आत वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी घालून, वरून पेंढा पेटवून करतात ती. धुराचा वास खिडकीतून आत आला आणि सासूबाई म्हणाल्या, मला दे. डॉक्टरांनी मऊ खायला सांगितलं होतं. मी वालाचे दाणे सोलून, सालं काढून, बोटाने कुस्करून त्यांच्या जिभेवर ठेवले. त्या लग्न होऊन आल्या त्या वर्षीच्या पोपटीची गोष्ट त्यांनी सांगितली, त्यात अण्णांचा हात भाजला होता. आम्ही दोघी खूप हसलो. मी लिहिलं होतं: आज आई हसता हसता दमल्या. हे सगळं मी साफ विसरले होते. 'वाईट वर्षा'ला ते मानवत नव्हतं म्हणून माझ्या आठवणीने ते गाळून टाकलं होतं.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाचंही तसंच झालं. दुपारी वादळ किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडचे बागायतदार तर उद्ध्वस्त झाले, आमच्याकडेही वाडी आडवी झाली. पोफळी मधोमध मोडल्या, नारळ मुळासकट आले, मांगराची कौलं उडाली. पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे आडवं झालेलं झाड हे एका झाडाचं नुकसान नसतं. टाळेबंदी चालूच होती, वीज नव्हती, फोन बंद. त्या दिवसांविषयी आमच्याकडे आजही बोलणं निघालं की सूर एकच लागतो: कुणी आलं नाही, कुणी विचारलं नाही.

वहीत मी मेणबत्तीच्या उजेडात लिहिलं होतं. पहिल्या रात्रीच्या पानावर वाक्यच नाही, नुसत्या ओळीओळीने झाडांच्या खुणा आहेत: विहिरीकडची, पाटाच्या कडेची, अण्णांनी लावलेली, नणंदेच्या लग्नात लावलेली. पुढे पंचनाम्याला माणसं आली तेव्हा हीच यादी हातात होती, आणि झाडांच्या आकड्यावरून एकदाही घोळ झाला नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची पानं वाचली की सूर बदलतो. थेरोंड्याहून एक ओळखीचे कोळी बाप-लेक कोयता-करवत घेऊन आले, वाटेवरची झाडं तोडून आम्हाला रस्ता करून दिला, चहासुद्धा घेतला नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या घराचे पत्रे उडाले होते आणि त्यांना परत जायचं होतं. समोरच्यांनी त्यांच्या जनित्रावर आमची पाण्याची टाकी भरून दिली. चुलत दिराने पेणहून आगोटीचं सामान पाठवलं: मीठ, सुकी मासळी, चिंच, काड्यापेट्या. माणसं आली होती. नुकसान इतकं मोठं होतं, की त्याच्या सावलीत ती दिसेनाशी झाली. त्या बाप-लेकाकडे मी यंदा नारळी पौर्णिमेला नारळ आणि करंज्या घेऊन गेले. वही नसती तर ते ऋण माझ्या ध्यानातच राहिलं नसतं.

दिवसांची नोंद हातातून निसटली की माणसाचं काय होतं, त्याचा दाखलाही आमच्याच बंदरावरचा आहे. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन १४६९ च्या सुमारास समुद्रमार्गे चौलला उतरला. तेव्हा चौल केवढं मोठं बंदर! वाटेत लुटारूंनी त्याच्या चीजवस्तूंबरोबर धर्माच्या पोथ्याही नेल्या होत्या. मग ईस्टर कधी, उपास कधी, काही कळेना. या गोष्टीने तो किती व्याकूळ झाला ते त्याच्या टिपणांत पुन्हापुन्हा येतं. परक्या मुलखात, जुन्नरला पावसात आणि चिखलात अडकून पडलेला, घोडा जप्त झालेला, धर्म बदल म्हणून दटावलेला हा माणूस आपला धर्म आणि आपली भाषा लिहून लिहूनच धरून ठेवत होता. परतीच्या वाटेवर घरी पोचण्याआधीच तो वारला. टिपणं मात्र मॉस्कोला पोचली. आज चौलला लागूनच असलेल्या रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे.

ज्याला नुसतं बघायला शिकायचं आहे त्यालाही वही हवी. १९३० साली सलीम अली जर्मनीतून शिकून परतले तर हातात नोकरी नव्हती. पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले आणि तिथे त्यांनी सुगरण पक्ष्याची घरटी महिनोन्‌महिने निरखली. कोणता नर कधी आला, कोणत्या घरट्यात मादी शिरली, कधी नाकारून गेली. रोजच्या या टिपणांतून कळलं, की नर घरटं अर्धवट विणतो, मादी ते पारखून पसंत करते, मग तो ते पुरं करतो, आणि ती अंडी उबवायला बसली की दुसरं घरटं घ्यायला मोकळा होतो. सुगरणीची घरटी किहीम-थळच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली होती. तारखेवार लिहिली नव्हती. बेकारीतले दिवस वाया गेले असं म्हणायची सोय असताना या माणसाने ते दिवस लिहून काढले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याच किहीमला आणखी एक रीत होती. मुंबईच्या तय्यबजी कुटुंबाची, म्हणजे १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या गोतावळ्याची, तिथे सुट्टीची घरं होती. या कुटुंबात घराची म्हणून एक वही असे, तिला ते 'अखबार' म्हणत. मुंबईच्या घराची वेगळी, माथेरानची वेगळी, किहीमची वेगळी. घरात जो असेल त्याने लिहायचं. बायकांनी, पोरांनी, पाहुण्यांनीसुद्धा. कुणी गुजरातीत, कुणी उर्दूत, कुणी इंग्रजीत. याच गोतावळ्यातली, जंजिऱ्याच्या बेगम नाझली यांची बहीण अतिया फैजी १९०६ साली शिकायला लंडनला गेली आणि तिथली रोजनिशी तिने घरी पाठवली, ती लाहोरच्या स्त्रियांच्या नियतकालिकात छापून आली. ज्या घरात पोरवयापासून वहीत लिहायची मुभा असते, त्या घरातल्या मुलीला परदेशातून आपलं म्हणणं लिहिताना बिचकायला होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून गेल्या गणपतीत आमच्या ओसरीवरही घराची एक वही ठेवली. माझी स्वतःची वेगळी आहे, ती कपाटात असते आणि माझ्या पश्चात मुलीने वाचावी असं मी तिला सांगून ठेवलं आहे. ओसरीवरची सगळ्यांची. नियम दोनच: तारीख घालायची, आणि दुसऱ्याने लिहिलेलं खोडायचं नाही, पटत नसेल तर खाली आपलं लिहायचं. पुतण्याने मासळीचे भाव लिहिलेत. नातीने मांजराच्या पिल्लांची चित्रं काढून त्यांना नावं दिलीत. दिराने जुलैच्या पावसाची आठवण लिहिली आहे, वाडीत पाणी तीन दिवस होतं म्हणून. त्याखाली जावेच्या अक्षरात आहे: दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी माठाची भाजी खुडली होती.